आईच्या पंचाहत्तरीसाठी घरीच कागदाची आरास करायची आहे. मागच्या वेळच्या चुका सांगते, मार्गदर्शन करावे

रामबागकर

सर्वांना नमस्कार. येत्या नवरात्रात माझ्या आईला पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. समारंभ इंदूरला आमच्या घरीच, दिवाणखान्यात करायचा आहे; चाळीसेक माणसे येतील आणि संध्याकाळी भोंडलाही होईल. थर्मोकोल वापरायचा नाही हे घरात एकमताने ठरले आहे. सजावटीच्या थर्मोकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, आणि ती नसती तरी दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याच्या गाडीसमोर सुका, ओला, प्लास्टिक असे वेगळे करत उभे राहताना त्या पांढऱ्या गोळ्या घरभर उडालेल्या पाहण्याची माझी इच्छा नाही. म्हणून सगळी आरास कागदाची करावी असे मनात आहे.

अडचण अशी की, मागच्या वर्षी मुलाच्या वाढदिवसाला मी हेच केले होते आणि ते फसले. जाड कार्डशीटच्या पट्टीला पंख्यासारख्या घड्या घालून, टोके जोडून गोल चक्रे केली, तर प्रत्येक घडीवर रंग तडकून आतला पांढरा कागद दिसू लागला. पतंगी कागदाच्या पताकांना फेव्हिकॉल लावला, तर त्या सुकताना सुरकुतल्या. दारावरचे तोरण दोन दिवसांत पोटाशी लोंबू लागले. सर्वांत वाईट म्हणजे, खिडकीजवळ लावलेल्या लाल क्रेप कागदावर पावसाचे शिंतोडे आले आणि भिंतीवर जे लाल ओघळ उतरले ते पुसून गेले नाहीत; शेवटी ती भिंत पुन्हा रंगवावी लागली. नमुने आणि चित्रफिती मला भरपूर सापडतात. त्याप्रमाणे केलेले बिघडते का, हे मात्र कुणी सांगत नाही. तेवढे समजावून सांगितल्यास मी आभारी राहीन.

कात्रण

रामबागकर, तुमच्या चारही चुकांचे मूळ एकच आहे असे मला वाटते. आपण नमुना आधी निवडतो आणि कागद नंतर, हाताला लागेल तो घेतो.

यंत्रावर कागद तयार होताना त्यातले बहुतेक तंतू यंत्राच्या गतीच्या दिशेने लागतात. छापखान्यात आणि बाइंडिंगवाल्यांकडे याला ग्रेन म्हणतात. वर्तमानपत्राचे पान वरून खाली फाडल्यास बऱ्यापैकी सरळ फाटते आणि आडवे फाडू लागल्यास वेडेवाकडे जाते, ते याच कारणाने. घडी तंतूंच्या दिशेने घातली तर ती सुबक बसते. तंतूंना आडवी घातली तर जाड कागदात ते तंतू मोडतात आणि वरचा रंगाचा थर तडकतो. तुमच्या चक्रांचे हेच झाले.

दिशा ओळखण्याची सोपी रीत सांगतो. ज्या कार्डशीटचा वापर करायचा आहे तिच्यातून दोन सेंटीमीटर रुंद आणि पंधरा सेंटीमीटर लांब अशा दोन पट्ट्या कापाव्यात, एक उभी आणि एक आडवी. दोन्ही एका टोकाला चिमटीत धरून आडव्या ठेवाव्यात. जी कमी वाकेल तिच्या लांबीच्या दिशेने तंतू आहेत. बाजारात मिळणाऱ्या ए-चार आकाराच्या कागदात ते बहुधा लांब बाजूला समांतर असतात, पण मी तरी दर वेळी पट्टी कापून पाहतो.

सुरकुत्यांचे कारणही याच्याशी जोडलेले आहे. पाणी मिळाले की तंतू लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत फुगतात. म्हणून ओला कागद एका दिशेने जास्त पसरतो आणि वाळताना तसाच आखडतो. पांढऱ्या गोंदात पाणी पुष्कळ असते, आणि पतंगी कागद इतका पातळ असतो की तेवढे पाणी त्याला सोसत नाही. तिथे कांडीचा कोरडा गोंद वापरावा, किंवा गोंदाचे बोट नुसते कडेवर फिरवावे.

रामबागकर

आपण सांगितल्याप्रमाणे आत्ताच दोन पट्ट्या कापून पाहिल्या. एक पट्टी सरळ राहिली आणि दुसरीने मान टाकली. इतकी वर्षे कागद हाताळते आहे, पण हे कधी लक्षात आले नव्हते. आता चक्रांची मापे सांगाल का?

कात्रण

अवश्य. चक्राचा व्यास पट्टीच्या रुंदीच्या दुप्पट होतो. पट्टीची लांबी मात्र नुसत्या परिघाएवढी घेतली तर घड्या पूर्ण उलगडून चक्र सपाट थाळीसारखे होते. परिघाच्या सव्वा ते दीडपट घेतली की घड्या उभ्या राहतात.

साध्या ७५ जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाच्या, रंगीत कागदासाठी ए-चार कागद लांबीने मधोमध कापावा. साडेदहा सेंटीमीटर रुंदीच्या अशा तीन पट्ट्या जोडल्या की सुमारे ८७ सेंटीमीटरची एक पट्टी होते आणि २१ सेंटीमीटर व्यासाचे चक्र मिळते. यात घड्या तंतूंना आडव्या पडतात, परंतु पातळ कागदात ते चालून जाते. कार्डशीटला चालत नाही. म्हणून कार्डशीट रुंदीने मधोमध कापावी. म्हणजे २१ सेंटीमीटर लांब आणि १४.८ सेंटीमीटर रुंद असे तुकडे मिळतील आणि घडी तंतूंच्या दिशेने येईल. असे सहा तुकडे, म्हणजे तीन कागद, जोडले की २९ सेंटीमीटरच्या आसपास व्यासाचे दणकट चक्र होते. घडी घालण्यापूर्वी शाई संपलेल्या बॉलपेनने मोजपट्टी धरून रेघ दाबून घ्यावी. मध्यभागी चक्र वर उसळते, त्याला दोन्ही बाजूंनी पुठ्ठ्याची चकती चिकटवून रात्रभर जाड पुस्तकाखाली ठेवावे. आमच्याकडे या कामासाठी जुना शब्दकोश आहे, बाकी त्याला हल्ली कुणी हात लावत नाही.

खजुरी_ते_राजवाडा

खरेदीविषयी थोडे लिहितो, कारण आपल्या गावात अडचण कागदाची कमी आणि शब्दांची जास्त आहे. खजुरी बाजारात कागद, पुठ्ठा, कार्डशीट सर्व काही मिळते; मात्र हिंदी बोलणाऱ्या दुकानदाराला घोटीव कागद किंवा पताका हे शब्द कळतीलच असे नाही. पताकांना झंडी किंवा फर्री म्हणावे, पुठ्ठ्याला गत्ता, खळीला लेई आणि चमकत्या कागदाला पन्नी. पतंगी कागद मात्र दोन्ही भाषांत पतंगीच आहे. माझी सूनबाई पुण्याची. ती पहिल्यांदा एकटी गेली तेव्हा 'पुठ्ठा द्या' असे तीन वेळा सांगून शेवटी दुकानातल्या खोक्याकडे बोट दाखवून घेऊन आली.

आणखी एक सूचना. दुकानात कागदाचा रंग ट्यूबलाइटखाली पाहू नये, दाराशी उजेडात आणून पाहावा, आणि गडद रंगाच्या कागदावर ओले बोट घासून पाहावे. बोटाला रंग लागला तर तो कागद भिंतीला टेकवायचा नाही. क्रेप कागद या परीक्षेत जवळजवळ नेहमीच नापास होतो.

मालवी_मावशी

रामबागकर, तुमच्या आईचे बालपण इंदुरातच गेले असेल, तर त्यांनी संजा नक्कीच मांडली असेल. मग बाहेरचे नमुने कशाला शोधता? भाद्रपद पौर्णिमेपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत मालव्यातल्या मुली रोज संध्याकाळी भिंतीवर शेणाने संजा काढत आणि तिला फुलांच्या पाकळ्या चिकटवत. चंद्र-सूर्य रोज असतच. बाकी एखाद्या दिवशी चौपड म्हणजे सोंगट्यांचा पट, कधी सातिया म्हणजे स्वस्तिक, कधी आठ पाकळ्यांचे फूल, कधी डोकरा-डोकरी म्हणजे म्हातारा-म्हातारी, आणि शेवटी सगळ्यांत मोठा किल्ल्यासारखा किलाकोट. किलाकोटाला आम्ही रंगीत पन्नी लावत असू, त्यामुळे कंदिलाच्या उजेडात तो लकाकत असे. आमच्या वाड्यात मराठी घरांतल्या मुलीही संजेला येत आणि पुढे नवरात्रात आम्ही त्यांच्या भोंडल्याला जात असू. खिरापत त्यांच्याकडची जास्त चांगली असे, हे आज मान्य करते.

आता संजेचा छापील कागद बाजारात मिळतो आणि लोक तो आणून भिंतीवर डकवतात. मला तो आवडत नाही, पण जागा नसलेल्या घरांत निदान नाव तरी राहिले असे म्हणून मी गप्प बसते. तुम्ही छापील आणू नका. हाच आकार कात्रीने कापा, दिवाणखान्याच्या एका भिंतीवर मोठ्या तपकिरी कागदावर लावा, म्हणजे शेणाने सारवलेल्या भिंतीचा भास होईल. आईंना न सांगता करा.

रामबागकर

मावशी, आईला विचारले नाही, पण मामाला विचारले. तिने लग्न होईपर्यंत दरवर्षी संजा मांडली होती आणि किलाकोटासाठी मिठाईच्या खोक्यांवरची पन्नी वर्षभर जपून ठेवत असे. त्यामुळे हेच करायचे ठरले.

आज दोन नमुने करून पाहिले. चौकोनी कागदाच्या घड्या घालून कापलेले फूल जमले, पण त्याला आठऐवजी चारच पाकळ्या आल्या. सातिया तर काही केल्या येईना. चार वेळा वेगवेगळ्या घड्या घातल्या, प्रत्येक वेळी उलगडल्यावर खिडकीच्या जाळीसारखे काहीतरी निघते. माझे कुठे चुकते आहे?

कोनमापक

सातियाच्या बाबतीत आपले काहीही चुकलेले नाही. घडी घालून कापलेली आकृती नेहमी आरशातल्यासारखी असते. घडीच्या एका बाजूला जे असेल तेच उलटे होऊन दुसऱ्या बाजूला येते. सातिया फिरवला तर पाव फेऱ्यात स्वतःशी जुळतो, पण आरशात पाहिला तर त्याचे बाहू उलट दिशेला वळतात. म्हणून तो अशा घड्यांतून कधीच निघणार नाही. कागदावर चौकटी आखून तो सरळ रेखाटावा आणि सपाटच कापावा. वयाचा ७५ हा आकडा कापायचा असेल तरी हीच गोष्ट लक्षात ठेवावी, अन्यथा अर्धे आकडे उलटे मिळतील.

फुलाचे उत्तर सोपे आहे. चौकोन दोनदा निम्मा करून मग कर्णावर घडी घातली की आठ पदर आणि ४५ अंशांचा कोन मिळतो. या स्थितीत आपण एका घडीपासून दुसऱ्या घडीपर्यंत अर्धी पाकळी कापली असणार, म्हणून उलगडल्यावर चारच झाल्या. तिथे मधोमध टोक येईल अशी पूर्ण पाकळी कापल्यास आठ येतील. किंवा आणखी एक घडी घालून कोन साडेबावीस अंशांचा करावा आणि अर्धी पाकळी कापावी; पण मग सोळा पदर होतात, आतले पदर कात्रीखाली सरकतात आणि पाकळ्या लहानमोठ्या होतात. घोटीव कागदाला मी पहिली पद्धत वापरतो. पातळ पतंगी कागदालाच दुसरी जमते.

ज्या नियमामुळे सातिया अडला, तोच नियम भोंडल्याच्या हत्तीला उपयोगी पडेल. कागदाला एकच उभी घडी घालावी आणि घडीकडे तोंड करून अर्धा हार सोंडेत धरलेला एक हत्ती काढावा. मात्र हाराचे टोक घडीवर न कापता सोडावे. उलगडल्यावर समोरासमोर उभे असलेले, एकच हार धरलेले दोन हत्ती मिळतील.

कागदी_होडी

माझा अनुभव खळीविषयी आहे. मोठ्या तपकिरी कागदावर इतके काही चिकटवायचे असेल तर विकतचा गोंद पुरणार नाही. एक भाग मैदा थोड्या थंड पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवावा, एकूण पाच भाग पाणी होईल इतके पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळत शिजवावा. मिश्रण पांढरटपणा सोडून काहीसे पारदर्शक दिसू लागले की उतरवावे. आमचे आजोबा त्यात चिमूटभर मोरचूद घालत, म्हणजे झुरळे आणि कसर लागत नसे.

कात्रण

कृती उत्तम आहे, पण मोरचुदाला माझा विरोध आहे. ते विष आहे, बाइंडिंगच्या दुकानात ठीक. पण ज्या घरात लहान मुले खळीत बोटे बुडवून ती चाटणार आहेत तिथे नको. चार दिवसांच्या आरासीला कसर लागायला वेळच मिळत नाही. लागेल तेवढीच खळ करावी आणि उरलेली फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस ठेवून टाकून द्यावी.

कागदी_होडी

मान्य. आजोबांच्या घरी लहान मुले होती, ती कशी वाचली कोण जाणे. त्यांच्यापैकी एक मीच.

खजुरी_ते_राजवाडा

तोरण लोंबण्याविषयी कुणी लिहिलेले दिसत नाही. पताकांना भोके पाडून दोऱ्यात ओवू नये. वरची दीड सेंटीमीटर कड दोऱ्यावरून दुमडून चिकटवावी. मग कागद सरकत एका जागी गोळा होत नाही. दोरा बांधण्यापूर्वी रात्रभर वजन लावून टांगून ठेवावा, म्हणजे त्याला जे ताणायचे ते तो आधीच ताणून घेतो. आणि लांब भिंतीवर दर दीड मीटरला एक आधार हवा. चिकटपट्टी भिंतीच्या रंगावर लावू नका, तिच्याबरोबर रंगाचा पोपडा येतो. पडद्याचा दांडा, दाराची चौकट, पंख्याचा हूक यांचा उपयोग करून घ्यावा, मात्र पंखा त्या दिवशी बंद ठेवावा लागेल हे घरच्यांना आधी सांगून ठेवा.

रामबागकर

आईसाठी पंचाहत्तर कागदी फुलांचा हारही करावा असा विचार आहे. एका फुलाला मला बारा मिनिटे लागतात.

कोनमापक

म्हणजे पंधरा तास. घरच्यांना वाटून द्यावीत, किंवा फुले पंधरा करून प्रत्येकाला पाच पाकळ्या ठेवाव्यात. बेरीज तीच येते.

रामबागकर

सर्वांना कळवायला आनंद होतो की, समारंभ छान झाला. पंधरा फुले केली आणि पाच पाकळ्यांचा हिशेब पाहुण्यांना आवर्जून सांगितला. कार्डशीटची सात चक्रे केली, एकही तडकले नाही. दारावरचे तोरण आज सहावा दिवस तरी जागेवर आहे.

संजेची भिंत आम्ही आई देवळात गेली असताना लावली. चंद्र-सूर्य, चौपड, सपाट कापलेला सातिया, आठ पाकळ्यांचे फूल आणि मधोमध किलाकोट. पन्नीसाठी मीसुद्धा दोन महिने मिठाईची खोकी जपली होती. आई आली, चप्पल न काढता तिथेच उभी राहिली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग जवळ जाऊन म्हणाली, "किलाकोटाला दार ठेवलं नाहीस." मी पाहिले तर खरेच नव्हते. तिने स्वतः कात्री घेऊन दार कापले आणि उरलेल्या तुकड्याची एक चिमणी करून कोपऱ्यात लावली. भोंडल्याच्या वेळी हत्तींचा कागद मध्ये पाटावर ठेवला होता. मुलींनी फेर धरला तेव्हा आई थोडा वेळ फेरात आणि थोडा वेळ संजेपाशी अशी फिरत होती.

आता उरलेल्या पतंगी कागदाचा दिवाळीसाठी आकाशकंदील करायचा आहे. बुरुडाकडून बांबूच्या काड्या आणल्या आणि सहा चौकोन करून कोपऱ्यांना बांधले, पण सांगाडा उचलला की एका बाजूला लुळा पडतो. बांधणी घट्ट आहे. तरी असे का होते?

कोनमापक

कारण चौकोन स्वतःच डळमळीत असतो. त्रिकोणाच्या तिन्ही बाजू ठरल्या की त्याचा आकार ठरतो, पण चार काड्यांचा चौकोन ढकलला की तिरपा होतो. तुमच्या कंदिलात सहा चौकोनांच्या चोवीस काड्या आहेत, बारा ठिकाणी चौकोनांचे कोपरे एकमेकांना बांधलेले आहेत आणि मधल्या पोकळ्यांत आठ त्रिकोण आपोआप तयार झाले आहेत. त्रिकोण ठाम आहेत, चौकोन नाहीत. बांधणी कितीही घट्ट केली तरी हा लुळेपणा पूर्ण जात नाही. तो कागदाने जातो.

वरचा आणि खालचा चौकोन मोकळे ठेवून बाजूचे चार चौकोन आधी मढवावेत. हे चौकोन कोपऱ्यावर उभे असलेले दिसतील, ते बरोबर आहे. काडी वीस सेंटीमीटरची असेल तर चौकोनाचे दोन्ही कर्ण २८.३ सेंटीमीटर यायला हवेत. कागद लावण्यापूर्वी दोन्ही मोजून सारखे करावेत आणि कागद सुकेपर्यंत कर्णावर दोरा बांधून ठेवावा. कागद तेवीस सेंटीमीटरचा घ्यावा, म्हणजे काडीभोवती दुमडायला दीड-दीड सेंटीमीटर मिळेल. चारही चौकोन सुकले की सांगाडा ताठ होईल, मग आठ त्रिकोण दुसऱ्या रंगात लावावेत. वरच्या मोकळ्या चौकोनात दोऱ्याची फुली बांधून त्यातून वायर सोडावी. दिवा कमी वॉटचा एलईडीच असावा. जुन्या पिवळ्या बल्बची उष्णता कागदाला झेपत नाही.

मालवी_मावशी

आणि कंदिलाच्या शेपट्या घरातल्या उरलेल्या घोटीव कागदाच्याच करा. घाईत पुन्हा लाल क्रेप आणाल. ती भिंत एकदा पुन्हा रंगवावी लागली, असे तुम्हीच लिहिले आहे.